सुई उभी आहे, कात्री झोपलीय

आमच्या सूनबाईंच्या भाषेत वस्तू नुसती असू शकत नाही. ती उभी असते, बसलेली असते, नाहीतर झोपलेली असते. लग्न होऊन परक्या मुलखातून आली आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "आई, ताटल्या कपाटात उभ्या आहेत आणि चमचे झोपलेत." मी म्हटलं, "झोपू दे गं, दमले असतील बिचारे." सगळे खो खो हसले. पण तिची सवय काही सुटली नाही.

एकदा मात्र तिनेच मला गप्प केलं. "आई, तुमच्यात घसा बसतो, धक्का बसतो, विश्वाससुद्धा बसतो. प्रश्न तेवढा उभा. त्याला कुणी खुर्ची का देत नाही?" एरवी माझं तोंड कुणी धरू शकत नाही. मनातून ती मला तेव्हापासूनच आवडायला लागली. तिला अर्थात सांगितलं नाही.

आमचे हे बुकबाइंडर. घराच्या खालच्याच खोलीत चाळीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवली. गेल्या वर्षी दृष्टी गेली. दोन ऑपरेशनं झाली, हाती राहिला तो खिडकीतला उजेड, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, हात शाबूत आहेत, काम सोडू नका. म्हणून हे खाली जायला लागले आणि त्यांचे डोळे व्हायला मी बरोबर.

"खळ कुठंय गं?"

"ही काय, इथेच."

"आणि पट्टी?"

"अहो, तिथे, समोरच!"

इथे आणि तिथे. माझ्याकडे एवढेच दोन शब्द. तिसऱ्या दिवशी यांचा हात लागून खळीचं भांडं कलंडलं, ते नेमकं शाळेतल्या बाईंनी आणलेल्या त्यांच्या वडिलांच्या डायरीवर. पानं मी पुसून वाचवली, पण हे खचले. त्याच संध्याकाळी त्यांनी गावातल्या दुसऱ्या बाइंडरला फोन लावला. पुस्तकं दाबायचा शिकंजा शनिवारी येऊन घेऊन जा म्हणाले.

"आता बास. लोकांच्या वस्तूंची माझ्या हातून नासाडी नको," म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं. चहाचा कपसुद्धा हातात दिल्याशिवाय घेईनात. मी यांच्यावर चिडले, डॉक्टरांवर चिडले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. काम सुटलं तर हा माणूस सहा महिन्यांत खंगेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी मी बाजारातून आले तर खालच्या खोलीतून आवाज. दारातूनच पाहिलं. सूनबाई डायरी शिवत होती आणि हे शेजारी स्टुलावर बसून सूचना देत होते. बाईंचं काम अर्धवट राहिलंय, तुम्ही सांगा, मी शिवते, असं म्हणून तिने त्यांना खाली आणलं होतं. तिच्या शिवणीवरून बोट फिरवून यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे शिवणं आहे की पोतं बांधणं? दे इकडे. सुई कुठंय?"

"बाबा, सुई टाचण्यांच्या उशीत उभी आहे, उजव्या हाताशी. दोऱ्याचं रीळ तिच्याजवळ बसलंय. कात्री झोपलीय, तोंड खिडकीकडे. खळीचं भांडं डावीकडे उभं आहे, ब्रश त्याच्यावर आडवा."

ती काही मुद्दाम करत नव्हती. ती नेहमी बोलते तशीच बोलत होती. पण यांचा हात वरून अलगद खाली आला आणि दोन बोटांनी सुई उचलली. रिळावर पंजा गोल करून ठेवला. कात्रीसाठी हात टेबलावरून सपाट सरकत गेला. खळीच्या भांड्याला हात बाजूने भिडला, हळूच, पंजाची वाटी करून. काहीही पडलं नाही. वस्तू हाती लागायच्या आधीच हाताला तिचा आकार कळलेला असायचा. दारात पिशवी धरून मी पाहत राहिले. ज्या बोलण्याला मी वर्षभर हसले होते, ते यांना दिसत होतं. मला माझीच लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की बटाटे जिन्यावरून घरंगळले तरी भान नव्हतं.

शनिवारी तो बाइंडर टेम्पो घेऊन आला. हे डायरी शिकंज्यात घालून वरचा दांडा आवळत होते.

"कामात आहे तो," हे म्हणाले. "रिकामा झाला की कळवतो."

बिचारा चहा पिऊन रिकाम्या टेम्पोने परत गेला.

रजा संपून सोमवारपासून सूनबाई नोकरीवर आणि यांच्याजवळ पुन्हा मी. शिकायला जड गेलं. आडव्या पट्टीला उभी म्हटलं की हे ओरडायचे, "नीट बघून सांग! नाहीतर सूनबाईकडे शिकवणी लाव." लावलीही. रोज संध्याकाळी भाजी निवडताना ती माझी परीक्षा घ्यायची, आणि पोरीच्या हातून मार्क काही सुटत नसत.

महिनाभराने एका दुपारी माझं यांना टेबलावरचं सगळं सांगून झालं. पुठ्ठे भिंतीला टेकून उभे, सुरी झोपलेली, मूठ तुमच्याकडे. हे शिवायला लागले.

"आणि तू गं?" यांनी मध्येच विचारलं.

"मी काय, आहे की."

"ते कळलं. उभी आहेस की बसलीस?"

"उभी."

"कधीपासून?"

यांची नजर गेल्यापासून मी अशीच टेबलाशी उभी होते, दोन्ही हात पुढे करून, काही पडलं तर झेलायला.

"बस आता," हे म्हणाले. "काही पडत नाही."

मी स्टूल ओढलं आणि यांच्या शेजारी बसले.