मायावरमला गेलेली मोटर

भोंग्याच्या रबरी गोळ्याला पडलेली चीर... अंगठा ठेवला की बुजल्यासारखी वाटते, काढला की पुन्हा उघडते—जानकीराम मोटरीत बसून मघापासून तेच करत होता. दारासुरम्‌च्या एका विणकराच्या आवारात, नारळीच्या झावळ्यांखाली, त्यानं मोटर लपवली होती. भिंतीपलीकडे माग चालू होता. माग मधेच थांबला की त्याचा अंगठाही थांबे—आले वाटतं कंपनीचे लोक.

मोटर कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेली. लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनाला निघालेली कुटुंबं... सुरुवातीला भाडी बरी मिळाली. मग तंजावरच्या रस्त्यावर बस धावू लागली आणि हप्ते थकत गेले. कंपनीची माणसं मोटर कशी ओढून नेतात, हे त्यानं दुसऱ्याच्या दारात पाहिलं होतं—शेजारीपाजारी ओट्यांवर उभे, आणि ज्याची मोटर तो उगाचच हसत होता. मी असा हसत उभा राहणार नाही, मी आपण होऊन नेऊन देईन... पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण कालची दुपार होती.

काल कंपनीचा नरसिंहन दारात आला, तेव्हा जानकीराम दाराआड श्वास रोखून उभा होता. त्याची बायको अलमेलू पुढे झाली. "मोटर मायावरमला गेली आहे, लग्नाच्या भाड्यानं," ती तमिळमध्ये म्हणाली. नवरीचं घर कुठल्या गल्लीत तेही तिनं सांगितलं, वर त्याला ताक दिलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आवाज कुठंही हलला नाही—इतका स्थिर, की दाराआड उभ्या त्यालाच क्षणभर खरं वाटलं. नरसिंहन गेल्यावर ती आत येऊन राहिलेली भाजी चिरू लागली, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

झावळ्या बाजूला सारून त्यानं हँडल मारलं. आवाराबाहेर एका बाजूला तिरुवलंचुळी, दुसऱ्या बाजूला त्याचं गाव, कुंभकोणम. हात तिरुवलंचुळीकडे वळू लागले—तिथे कोण ओळखतं मला, अजून काही दिवस... मग परत अलमेलूच दारात उभी राहणार, परत तेच बोलणार. त्यानं मोटर गावाकडे वळवली.

घरासमोर मोटरीचा आवाज ऐकून ती उंबऱ्यात आली. "कोठे नेता?" तिनं घरातल्या तंजावरी मराठीत विचारलं.

"परत द्यायला."

"मग काल मी कोणासाठी खोटं बोललें?"

"मी सांगितलं होतं का, बोल म्हणून?"

वाक्य तोंडातून सुटलं आणि त्याला ते परत घ्यावंसं वाटलं. पण ती आत गेली होती. आली ती लुगडं बदलून. दाराला कडी घातली आणि भाडेकऱ्यासारखी मागच्या बाकावर बसली. "चला. मीहि येतें. नरसिंहनास खरं सांगून टाकीन."

स्टेशनाजवळच्या कंपनीच्या आवारात नरसिंहननं मोटरीभोवती फेरी मारली, पत्रा ठोकून पाहिला. "आपण होऊन आणलीत, बरं केलंत. लिलावात तूट आली तर ती मात्र तुमच्याच माथी." जानकीरामनं सही केली.

"काल मी खोटं बोलले," अलमेलू तमिळमध्ये म्हणाली. "मोटर मायावरमला नव्हती."

"ठाऊक होतं, अम्मा," नरसिंहन म्हणाला. "आडी महिन्यात लग्न कुठलं?"

तिचा चेहरा लाल झाला. आणि जानकीराम—वऱ्हाडांवर जगलेला माणूस—आडीत कुणी लग्न करत नाही, हे मला कसं सुचलं नाही? मी तर तिचा शब्दन्‌शब्द मानला होता...

परतताना ती पुढे चालली होती. एरवी ती मागे असे. आवारातून निघताना हात रिकामे वाटतील, लाज वाटेल, असं त्याला वाटलं होतं. यातलं काहीच झालं नाही. पुलावर वारा होता, कावेरी काठोकाठ वाहत होती, आणि तिचा पदर वाऱ्यावर फडफडत होता. इतकी वर्षं ती म्हणत आली होती—मला कशाचीच उणीव नाही, मी सुखी आहे—कालच्यासारखीच शांतपणे, भाजी चिरता चिरता... आणि तो ऐकून कामाला लागे.

त्यानं पावलं भरभर उचलली. ती अगदी हाताशी आली. मग, तिला गाठलं तर ते तरी खरं होतं का, असं विचारावं लागेल हे लक्षात येऊन, त्यानं चाल पुन्हा हळू केली.