पासिंगची चाकं

सावनेरच्या टॅक्सीवाल्यांना वर्षातून एकदा ताप यायचा, तो पासिंगचा. गाडी धुऊनपुसून नागपूरला आरटीओत न्यायची, इन्स्पेक्टरसाहेबांनी ती खालून-वरून बघायची, आणि ते हो म्हणाले तरच पुढचं वर्षभर सवाऱ्या भरायच्या. आधीचे साहेब बिचारे बरे होते. दिवे लागतात का, भोंगा वाजतो का, एवढं बघितलं की संपलं. पण मधुसूदनराव नावाचे नवे साहेब आले आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. हा माणूस कुणाचा चहासुद्धा घेत नसे. आता चहाच न घेणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी कसं, तुम्हीच सांगा!

चंपतरावाला त्यांनी दोनदा परत पाठवलं. पहिल्यांदा भोंगा घोगरा झाला म्हणून. चंपतरावानं इरेला पेटून असा भोंगा बसवला की रस्त्यातल्या म्हशी शेतात शिराव्या. दुसऱ्यांदा साहेबांनी खाली बसून टायरवरून हात फिरवला.

"गुळगुळीत झालेत हो. यात बघून दाढी करता येईल."

"साहेब, एवढा उन्हाळा निघून जाते त्यायच्यावर."

"नवीन टाका आणि या. स्टेपनीसुद्धा चांगली पाहिजे."

रांगेतले लोक फिदीफिदी हसले. चंपतरावाचं तोंड एवढंसं झालं. रिकामी गाडी घेऊन तो सावनेरला आला तो रस्ताभर चरफडत. चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्यांना ऐकवलं, "कायदा म्हणे कायदा! माह्या बापाच्या जमान्यात गाडीले टप नव्हता, तरी गाडी चालत होती. अरे, टायरनं कोणी मरते का गा?" टपरीवरचे सगळे हो म्हणाले. दुसऱ्याच्या गाडीचं असलं की हो म्हणायला काय जातं!

आता यावर सावनेरात एक जुना इलाज होता. ज्याचं पासिंग असेल त्यानं, ज्याची चाकं नवी असतील त्याची एका दिवसापुरती मागून न्यायची. गाडी पास झाली की आणून द्यायची. नवरदेवाला शेजाऱ्याचा कोट मिळतो, तसंच हे. यात कुणाला लबाडी वाटत नव्हती. उलट जो चाकं देत नसे त्यालाच लोक नावं ठेवायचे.

चंपतरावाच्या भिंतीला भिंत लागून रुपरावाचं घर. दोघांच्याही अँबेसेडर, दोघांचाही सावनेर-नागपूर धंदा, आणि लहानपणी दोघांनी मिळून एकाच मास्तरचा मार खाल्लेला. रुपरावानं नुकतेच नवेकोरे टायर टाकले होते. चंपतराव मागायला गेला तेव्हा तो जरा घुटमळला.

"गोपिकेचे दिवस भरत आले गा. गाडी दारात पाह्यजे मले."

"मंग मी काय चाकं खाऊन टाकतो? माही चाकं तुह्या गाडीले लावून जातो. दुपारच्या आत वापस."

"स्टेपनी कशी हाय तुही?"

"एक नंबर," चंपतराव म्हणाला.

स्टेपनी पंक्चर होती. काढायचं काढायचं म्हणून राहून गेलं होतं. पण आता ते सांगितलं असतं तर रुपराव नाही म्हणाला असता. शिवाय एका सकाळचा तर प्रश्न! पहाटे दोघांनी मिळून चाकं बदलली. घरात रुपरावाची बायको गोपिका झोपली होती. असल्या गोष्टी बायकांना कोण सांगत बसतं.

आरटीओत मधुसूदनरावांनी पुन्हा खाली बसून हात फिरवला. टायर बघितले, स्टेपनी बघितली, मग चंपतरावाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"चांगले आहेत. आता काढू नका हे."

"छे छे, साहेब! काहून काढीन?"

गाडी पास झाली. चंपतरावाला वाटलं, फुगडी घालावी. मागच्या वेळी हसणाऱ्यांच्या समोरून त्यानं मुद्दाम भोंगा वाजवत गाडी बाहेर काढली. तिथून सरळ सावनेरचा रस्ता धरायचा होता. ऊनही अजून चढलं नव्हतं. पण जिंकलेल्या माणसाला घरी जायची घाई नसते, त्याला आधी कुणाला तरी दाखवायचं असतं.

गांधीबागेत त्याची बहीण पंचफुला राहायची. तिचा नवरा मार्तंड कापडाच्या दुकानात होता आणि चंपतरावाच्या गाडीला कायम खटारा म्हणायचा. चंपतराव थेट त्यांच्या दारात जाऊन थांबला. "पाहा जवाईबुवा, सरकारनं पास केलेली गाडी! लाथ मारून पाहा टायरले!" मार्तंडनं खरंच लाथ मारून पाहिली. मग जेवणाचा आग्रह झाला, वांग्याची भाजी झाली, वर एक डुलकी झाली. उठल्यावर पंचफुला म्हणाली, "दादा, रुपरावदादाले दुपारच्या आत चाकं वापस देतो म्हणत होता नं तू?" खरं तर तेव्हाच त्यानं गाडी सावनेरकडे वळवायला हवी होती. पण तो म्हणाला, "देतो नं वं. आजच काय आभाळ कोसळून राहिलं!" आणि बहीण-जावयाला गाडीत घालून संत्रा बर्फी खायला निघाला.

गांधीबागेतले रस्ते काय सांगावे! हातठेले, सायकलरिक्षा, कापडाचे गठ्ठे, आणि मधे गाई. तशात पुढे एक कोळशाचा ट्रक अडकला होता. काठोकाठ भरलेला, दर धक्क्याला रस्त्यावर कोळसा सांडणारा. तो पुढे सरकेना आणि चंपतरावाला जाऊ देईना.

चंपतरावानं भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. दुकानांतून माणसं डोकावली. मार्तंड म्हणाला, "आवाज तं जबरा हाय बुवा." झालं, चंपतरावाला आणखी चेव आला. मान बाहेर काढून त्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली. तरी ट्रक हलेना, तेव्हा तो खाली उतरला आणि चौकातल्या हवालदाराला हाताला धरून घेऊन आला.

"पाहा हवालदारसाहेब! दिवसाढवळ्या कोळशाची गाडी शहरात! नो एंट्री हाय का नाही इथं? आमच्यासारख्याले टायर पाहून वापस धाडता, अन् यायले कोणताच कायदा नाही काय? चलान करा त्याचं! कायदा म्हणजे कायदा!"

ज्या तोंडानं महिनाभर कायद्याला शिव्या घातल्या, त्याच तोंडानं हे. पण माणसाला स्वतःचं तोंड थोडंच दिसतं.

हवालदारानं शिट्टी मारली, ट्रक बाजूला घ्यायला लावला, कागद मागितले. ट्रकवाला हात जोडून काही सांगू लागला. चंपतरावानं त्याला बोलूच दिलं नाही. "ऐकू नका साहेब, सगळे बहाणे!" तो म्हणाला, आणि परत येऊन आणखी दोनदा भोंगा ठोकला.

तेवढ्यात ट्रकच्या केबिनचा दुसरा दरवाजा उघडला आणि एक माणूस खाली उतरला. तोंड, सदरा, धोतर, सगळं काळं. तो धावत हवालदारापाशी गेला आणि त्याच्या पायाला हात लावू लागला. "साहेब, बायको हाय आत. कळा येऊन राहिल्या, मूल आडवं आलं. दवाखाना इथं जवळच हाय. जाऊ द्या साहेब. चलान मांगून करा."

आवाज ओळखीचा होता. चंपतरावाचा हात भोंग्यावरून खाली आला.

रुपरावानं मागे वळून पाहिलं. आधी त्याला चंपतराव दिसला, मग मागच्या सीटवर पदरानं वारा घेत बसलेली पंचफुला, मग गाडीखालची ती नवीकोरी चाकं. चाकांवर त्याची नजर जरा थांबली. मग तो एवढंच म्हणाला, "चंपत, गाडी खाली कर."

पंचफुला आणि मार्तंड उतरले. तिघांनी मिळून गोपिकेला केबिनमधून उतरवून मागच्या सीटवर निजवलं. तिचे डोळे मिटलेले होते, दातखीळ बसल्यासारखे ओठ आवळलेले. हवालदार स्वतः पुढे पळत रस्ता मोकळा करत होता. चंपतरावानं गाडी दवाखान्यापर्यंत नेली, पण भोंगा वाजवायला हात गेला नाही. तो काचेतून हातवारे करून लोकांना हटवत राहिला.

आत ऑपरेशन चाललं होतं. बाहेरच्या बाकावर रुपराव काळ्या तोंडानं बसला होता. त्यानं आपणहून सांगितलं. सकाळी उन्हं चढल्यावर गोपिकेला कळा सुरू झाल्या. सावनेरच्या नर्सबाईंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या. बाजाराचा दिवस, बाकीच्या टॅक्स्या गेलेल्या. चंपतरावाची थोडी वाट पाहिली. मग चंपतरावाचीच चाकं लावलेली आपली गाडी घेऊन तो निघाला. पाटणसावंगीच्या पुढे मागचा टायर फुटला.

"स्टेपनी काढली," रुपराव म्हणाला, "तं तिच्यात हवाच नव्हती गा."

मग त्यानं रस्त्यावरच्या एका ट्रकला हात केला. कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा टाकायला निघालेला तो ट्रकवाला थांबला, आणि कोराडी सोडून तसाच भरल्या गाडीनिशी शहरात आला. त्याच ट्रकवाल्याच्या हातात आता चलान होतं.

रुपरावानं थोबाडीत मारली असती तर चंपतरावाला बरं वाटलं असतं. आईबापावरून शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण हा माणूस नुसता बसून होता, आणि त्याच्या शेजारी बसायची चंपतरावाला लाज वाटत होती. तो उठून गाडीपाशी गेला. टायरवरून हात फिरवला. बोटांना त्या खोल खाचा लागल्या आणि तो तिथंच, रस्त्यावर, लोकांदेखत, रडला.

मूल वाचलं. मुलगा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघंही हाती लागले नसते. चंपतरावानं त्यातलं 'थोडा वेळ' एवढंच ऐकलं. भोंगा, हवालदार, शिट्टी, कागद, बहाणे. तो वेळ त्यानंच खाल्ला होता.

गोपिका बरेच दिवस दवाखान्यात राहिली, म्हणून बारसं उशिरा झालं. चंपतरावाला जायचं नव्हतं. पण रुपरावाची आई प्रयागबाई स्वतः येऊन हाताला धरून घेऊन गेली. "तू नाही येशीन तं पाळणा कोण हालवीन, बाप्पा?" ओसरीवर बायकांचा मेळा बसलेला. घुगऱ्या वाटणं चाललेलं. प्रयागबाईनं सगळ्यांच्या आधी पोर चंपतरावाच्या मांडीवर ठेवलं.

गोपिका भिंतीला टेकून बसली होती. अजून चेहरा पांढरा होता, पण डोळे हसत होते.

"भाऊजी, तुमचे उपकार फिटाचे नाहीत. आमची गाडी फुटून पडली, अन् तुमी देवावानी भेटले. मले तं डोळे उघडाचं भान नव्हतं. नुसते आवाज येत होते." ती बायकांकडे वळली. "अन् मांगून तो कोण होता वं, भोंगा वाजवूनच राहिला होता! माहा इकडे जीव चालला, अन् तो मेला शिव्या देऊन राहिला, पोलीस बोलावून राहिला. अजूनही भोंगा आयकला का माह्या अंगावर काटा येते. मुडदा बशिवला त्याचा! त्याले मायबहीण असन का नाही?"

"माणसं नाही वं, राक्षस असतेत असे," एक बाई म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

चंपतरावानं मांडीवरच्या पोराचं दुपटं उगाच सारखं केलं. त्यानं रुपरावाकडे पाहिलं. रुपराव घुगऱ्यांचं ताट घेऊन उभा होता.

"तुमी तं खाली उतरले होते," गोपिकेनं नवऱ्याला विचारलं, "तुमी पाह्यलं असन त्याले. कोण होता?"

"नाही पाह्यलं," रुपराव म्हणाला. "डोळ्यात कोळसा गेला होता. जाऊ दे वं, आज चांगल्या दिवशी त्याची गोष्ट नको." आणि त्यानं मूठभर घुगऱ्या चंपतरावाच्या हातावर ठेवल्या. "खाय गा."

चंपतरावाला त्या तोंडात घालता येईनात. सांगून टाकावं असं वाटत होतं, आणि सांगायची छाती होत नव्हती. निदान उठून जावं म्हणून तो पोराला बाजूला ठेवायला गेला, तर पोरानं त्याचं बोट घट्ट धरलं. सोडेचना.

"पाहा वं बाई," प्रयागबाई कौतुकानं म्हणाली, "कसं ओळखते त्याले!"