सातवं कुटुंब

बुटांचं दुकान बंद पडलं आणि त्या जागेत ख्रिस्ती मंडळी सुरू झाली. भिंतीवरचे कप्पे तसेच राहिले, कप्प्यांवरचे नंबरही. सात नंबरात गाण्याची पुस्तकं, आठात चहाचे कप, नवात कुणी विसरून गेलेल्या छत्र्या. गल्लीतली माणसं त्या जागेला 'देवाचं बूटघर' म्हणत आणि पाळक त्यावर मनापासून हसे. चांगला माणूस होता. ही सगळी गोष्ट चांगल्या माणसांचीच आहे, एक सोडून.

पाळक आधी पोस्टमन होता. अठरा वर्षं त्यानं याच भागात पत्रं वाटली, त्यामुळे त्याची प्रार्थनाही पोस्टमनचीच होती. "मोघम मागू नका," तो मंडळीला शिकवायचा. "अर्धवट पत्त्याचं पत्र परत येतं की नाही? प्रार्थनेचंही तसंच. गल्ली सांगा, जिना सांगा, दार सांगा. देवाला कशाला हुडकायला लावता?" मग रविवारी माणसं डोळे मिटून पत्ते सांगत. चौथी गल्ली, लाल जिना, दुसरा मजला, गुडघे धरलेत. ऐकताना वाटे, सगळं शहर आपापलं दार खांद्यावर घेऊन रांगेत उभं आहे.

त्याच्या बायकोला सगळे ताई म्हणत. पहाटे साडेपाचला ती शटर वर करी आणि मागच्या मोरीत दोन मोठी पातेली तापत ठेवी. आसपासच्या कारखान्यांतल्या बायांना अंघोळीला जागा नव्हती. त्या येत, न्हात, केस पिळत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत आणि उजाडता उजाडता कामाला पळत. मंडळीचं बी तिथं पडलं, त्या वाफेत. पाळकाचं प्रवचन नंतरचं.

त्या बायांत एक बटणवाली होती. मागच्या गल्लीतल्या शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची आणि तिथंच माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये झोपायची. दोन महिने ती कुणाशी बोलली नाही. एका पहाटे सगळ्या निघून गेल्यावर ती ओले केस घेऊन ताईपुढे बसली.

"ताई, एक सांगितलं तर कुणाला सांगाल?"

"नाही गं."

"शपथ घ्या म्हणत नाही. तुमच्यात शपथ चालत नाही म्हणे. नुसतं नाही म्हणा."

"नाही."

मग तिनं सांगितलं. नवरा फरशा बसवतो. हात सावकाश चालतो त्याचा, फार सुबक. "मारतानाही सावकाशच. माणूस चिडून मारतो तेव्हा एखादा फटका चुकतो तरी, ताई. ह्याचा चुकत नाही. मला म्हणाला, पळून जाशील तर बोटं मोडीन. एकेक करून. मग बघू कशी बटणं लावतेस आणि कशी एकटी पोट भरतेस." ती हसली, खोटं नव्हे, खरंच हसली. "पण इथं कोण शोधायला येतंय? बुटांच्या दुकानात?"

त्यानंतर ती रोज जरा थांबू लागली. मंडळीसाठी पडदा शिवायचा होता. दोघी दोन टोकांना बसत आणि बटणवाली हलकं हलकं म्हणे,

बाई, बटण टाकीते, चार भोकांची गं जाळी,
उघडं ना राही काही, माझी लाज मी सांभाळी.

ताईला ती ओळ इतकी आवडली की भांडी घासतानाही तीच तिच्या ओठांवर येई. आणि एका रात्री अंथरुणावर तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. चुगली त्यांच्यात पाप होती. पण प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं तर ती चुगली नव्हे. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं," ती म्हणाली, आणि तिला हलकं वाटलं.

पाळकाची स्वतःची एक चिंता होती. ज्या मोठ्या मंडळीनं त्यांना इथं पाठवलं होतं, तिचे वडील लोक, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, महिनाअखेरीला येणार होते. सात कुटुंबं भरली तरच या जागेला मंडळी म्हणून मान्यता. एकटीदुकटी बाई धरत नसत, जोडपं हवं. सहा होती. सहावरच गाडी अडली होती.

त्यात एका सोमवारी एक माणूस दारात उभा राहिला. गुडघ्यांना रबर बांधलेला, हातात थापी.

"साहेब, जाता जाता फरशी बघितली नि पाय थबकले. ही काय फरशी आहे? देवाच्या दारात ठेच लागायची लोकांना. मजुरी नको. सामान आणा, हात माझा."

पाळकाचे डोळे भरून आले. मागाहून प्रार्थनेला बसल्यावर मिस्त्रीचेही आले. घर मोडलंय, म्हणाला. बायको गेली सोडून. या भागात असेल असं कुणीतरी सांगितलं, पण आपल्याला घाई नाही. चूक आपलीच होती. "माणूस बदलतो ना, साहेब?"

"बदलतो," पाळक म्हणाला. त्याला सातवं कुटुंब दिसलं. अर्धं तर समोरच बसलं होतं.

ताईनं तिसऱ्या दिवशी चहा देताना त्याचे हात पाहिले. तो फरशी ठेवी, कान लावून थापीच्या मुठीनं ठोकी, पोकळ वाजली की उचली, पुन्हा ठेवी. एकही ठोका वाया जात नव्हता.

तिला कळलं. पण अर्धीच फरशी झाली होती आणि उरलेली अर्धी खणून ठेवलेली. महिनाअखेर दहा-बारा दिवसांवर. तिनं मनाशी ठरवलं, शनिवारी काम संपेल, हा जाईल, मग सांगू. बटणवालीला ती कारखान्याच्या दारातच गाठून म्हणाली, "मोरीचा नळ बिघडलाय. रविवारपर्यंत येऊ नकोस."

"पडदा राहिलाय ना, ताई."

"राहू दे. पडद्यावाचून काही अडत नाही."

शनिवारी संध्याकाळी शेवटची फरशी बसली. मागच्या दारापासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत राखाडी, सपाट, आरशासारखी. मंडळी फुटपाथवर जमली आणि पाळकानं उंबऱ्याशी उभं राहून डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. आभार मानले, फरशीचे, हातांचे, आजाऱ्यांचे. मग त्याचा आवाज मऊ झाला.

"आणि प्रभू, मागच्या गल्लीत, शर्टांच्या कारखान्यात, लाकडी शिडीच्या वर माळ्यावर झोपणारी तुझी लेक. नवऱ्याच्या भीतीनं लपलेली. बटणं लावून पोट भरणारी. तिला सांभाळ."

ताईनं डोळे उघडले. त्या सगळ्या मिटलेल्या चेहऱ्यांत आणखी दोनच डोळे उघडे होते. मिस्त्री पाळकाच्या ओठांकडे बघत होता, पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघावं तसा.

एक हाक पुरली असती. पण चालू प्रार्थनेत कुणी बोलत नाही. तिनं आयुष्यात कधी कुणाला बोलताना पाहिलं नव्हतं. पाळक पुढे सरकला, पाचवी गल्ली, कोपऱ्यावरचं दार, दमा. मिस्त्रीनं डोळे मिटले. आमेन सगळ्यांत मोठ्यानं त्याचंच होतं.

मग त्यानं थापी धुतली, फडक्यानं पुसली. "मागच्या दाराची कड तेवढी बघून येतो." ओल्या फरशीवर टाकलेल्या लांब फळीवरून तो पलीकडे गेला आणि पलीकडे पोचल्यावर फळी आपल्याकडे ओढून घेतली.

ताई उंबऱ्याशी आली. मागचं दार वीस पावलांवर. त्याच्या पलीकडे गल्ली.

"पाऊल नका टाकू, ताई," तो तिकडून म्हणाला. "डाग राहतो. कायमचा."

तिनं एक पाय उचलला. खाली आठवड्याची मेहनत चमकत होती, पुढच्या रविवारी वडील लोक यायचे होते. तिनं पाय मागे घेतला आणि पुढच्या रस्त्यानं पळाली, चौक ओलांडून, सगळ्या इमारतीला वळसा घालून.

कारखान्यात शिडी आडवी पडली होती. पांढरी बटणं जमिनीभर. कापणारा मास्तर ती पायानं एका बाजूला लोटत होता.

"नवरा आला होता," तो म्हणाला. "घेऊन गेला. घरचा मामला, आपण काय बोलणार?"

घरी आल्यावर ताई पाळकाला म्हणाली, "तुम्ही पत्ता सांगितलात."

"देवाला सांगितला."

"तो तिथं उभा होता."

पाळकानं पुढ्यातलं ताट सरकवलं. तो खरोखरच हादरला होता, जेवलाही नाही. मग म्हणाला, "मला काय माहीत, तो तिचाच आहे? आणि नवराच ना, शेवटी? बदललाय गं तो. रडताना पाहिलंस ना तू? कदाचित प्रभूनंच..." आणि जसजसा तो बोलत गेला, तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला. सकाळी तो व्यवस्थित जेवला. दिवसभर ताई बटणवालीच्या घराचा पत्ता शोधत फिरली. तो कुणालाच माहीत नव्हता.

पुढच्या रविवारी वडील लोक आले. फरशी पाहून एकानं बूट काढले. पहिल्या रांगेत मिस्त्री बसला होता, भांग पाडून, शेजारी बटणवाली. तिचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले, मांडीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"शिडीवरून पडली," मिस्त्रीनं विचारायच्या आधीच सांगितलं. वडील लोकांपैकी एक जण च् च् म्हणाला.

"सातवं कुटुंब," पाळक म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. "साक्ष दे, बाई. दोन शब्द."

ती उभी राहिली. मिस्त्रीनं तिला कोपराला धरून आधार दिला, सावकाश, जपून.

"मी चुकले होते," ती म्हणाली. "परत आले."

म्हातारे रुमाल शोधू लागले. पाळकानं पुढे होऊन त्या पट्ट्यांवर हात ठेवला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला तो सगळ्यांनी आनंदाचा धरला.

चहा झाला. बटणवालीला कप धरता येईना, म्हणून ताईनं तो तिच्या ओठांना लावला. मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर वडील लोकांना फरशीचे सांधे दाखवत होता.

"तुझ्यासाठी काय करू?" ताई कुजबुजली. "सांग. काहीही."

बटणवालीनं घोट गिळला. ओठांवरचा चहा तिला पुसता येत नव्हता, ताईनं पदरानं पुसला.

"एकच मागते, ताई. माझ्यासाठी प्रार्थना नका करू."

तेवढ्यात पाळकानं टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं, शेवटची प्रार्थना, डोळे मिटा. आणि त्यानं मिस्त्रीकडून लिहून घेतलेला नवा पत्ता, कानाकोपरा न गाळता, देवाला सांगायला सुरुवात केली. गल्ली. जिना. दार.

ताईनं डोळे मिटले.