डोळ्याच्या कडेला

"आजोबा, ठिपका दिसला की बटण दाबायचं. नजर हलवायची नाही, समोरच ठेवायची," तपासणाऱ्या मुलीनं तिसऱ्यांदा बजावलं.

घड्याळजींना हसू आलं. वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून अंधुक ठिपके टिपायचे, हे काय त्यांना शिकवायचं? तीस वर्षं गच्चीवर घरच्या दुर्बिणीतून ते दुसरं काय करत होते? दक्षिणेला, क्षितिजाच्या जरा वर, जेमतेम तासभर दिसणाऱ्या दीर्घिका हा त्यांचा छंद. इतक्या पुसट, की सरळ बघितलं तर नाहीशा होतात. नजर जरा बाजूला ठेवली की डोळ्याच्या कडेला उमटतात. अशा एकशे बारा त्यांच्या वहीत होत्या.

बराच वेळ ठिपका आलाच नाही.

"तुमचं यंत्र बंद पडलंय," ते म्हणाले.

यंत्र चालूच होतं.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "नजरेच्या कडा गेल्यात. मधली शाबूत आहे."

"अहो, मी आजही घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवतो!"

"म्हणून तर कळलं नाही. त्याला मधलीच नजर लागते. आता थेंब घालून आहे ते राखायचं. गेलेलं परत येत नाही."

सारखा दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, म्हणून बायकोनं त्यांना ओढून आणलं होतं. दोन वर्षं दीर्घिका एकेक करून विझत होत्या आणि घड्याळजींचं आपलं नाचता येईना अंगण वाकडं! दुर्बिणीतल्या आरशाला दोनदा नवा मुलामा दिला. शेजाऱ्याशी व्हरांड्यातल्या दिव्यावरून भांडण काढलं. तो बिचारा आता अंधारात चाचपडत कुलूप उघडतो. डोळ्याचा संशय चुकूनही आला नाही. त्यांना शरम वाटली, आणि शरमेहून जास्त भीती.

संध्याकाळी अंधार पडल्यावर ते गच्चीवर गेले. पाठोपाठ बायको आली. दुर्बिणीला ती सवत म्हणायची. इतक्या वर्षांत एकदाही तिच्या वाटेला गेली नव्हती.

ओळखीच्या दोन ताऱ्यांवरून अंदाज घेत त्यांनी दुर्बीण लावली. आत नुसता काळोख.

"बघ तू."

"काही नाही हो."

"सरळ नको. जरा उजवीकडे बघ, लक्ष मात्र मध्ये."

तिनं नजर उजवीकडे सरकवली. मग म्हणाली, "अगंबाई! आहे की! काचेवर श्वास सोडल्यावर उमटतं तेवढंच. लांबट आहे."

"कुठल्या बाजूला लांबट?" त्यांनी विचारलं.

"वर... अहो, सरकतंय ते. गेलं!"

आकाश फिरतं तशी नळी हातानं ढकलत राहावी लागते, हे तिला सांगायचं राहिलं होतं.

"आणा ना परत. आत्ता कुठे दिसलं होतं."

ते दोन तारे एव्हाना पाण्याच्या टाकीआड उतरले होते. दीर्घिका अजून टाकीच्या वर होती, पण ती आता ज्याला दिसते त्यालाच सापडणार. घड्याळजींनी काचेला डोळा लावला. नळी केसभर इकडे सरकवली, केसभर तिकडे.

"आली का?" बायकोनं विचारलं.

"थांब हं," ते म्हणाले. "आणतो."