कोणीतरी घेतलंच असतं

नाजिमा अत्तारनं उमेदीची सहा वर्षं जर्मनीतल्या एका छोट्या गावाच्या जुन्या दप्तरात घालवली. १९४२ साली त्या गावातल्या ज्यू कुटुंबांना आगगाडीत घालून मारायला नेलं, आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांच्या घरातल्या सामानाचा व्यायामशाळेत लिलाव झाला. कपाटं, शिवणयंत्रं, पडदे, लहान मुलांच्या गाद्या. कोणी काय उचललं याची यादी कारकुनानं सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती. उचलणारे सगळे शेजारीच होते. युद्धानंतर चौकशी झाली, तेव्हा एका शिक्षिकेनं लेखी जबाब दिला, "कपाट मी घेतलं नसतं तर दुसऱ्या कोणीतरी घेतलंच असतं." नाजिमाचा सगळा प्रबंध या वाक्याभोवती उभा राहिला.

गंज पेठेत घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची ही मुलगी. पुस्तक आधी जर्मनमध्ये आलं, मग इंग्रजीत. नाव झालं, बाहेरून बोलावणी येऊ लागली. पुण्यातल्या एका कॉलेजात ती वीस वर्षं फॅसिझम आणि वंशसंहाराचा इतिहास शिकवत होती. पोरं तिला 'हिटलरवाल्या मॅडम' म्हणत. वर्गात ती त्या दिवशीच्या पेपरातलं काही कधी आणत नसे. ओवी नावाच्या विद्यार्थिनीनं एकदा सरळ विचारलं, "मॅडम, हे इथं होऊ शकतं का?"

"इतिहासकाराला मागचं दिसतं," नाजिमा म्हणाली. "पुढचं हवं असेल तर लक्ष्मी रोडला पोपटवाला बसतो."

वर्ग हसला. ओवी हसली नाही.

नाजिमाचा थोरला भाऊ शकील तीस वर्षांपूर्वी लोणी काळभोरच्या पुढच्या एका गावात गेला आणि तिथं त्यानं बेकरी टाकली. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई. गावाचं नाव नाजिमानं पुढं कुठंही छापू दिलं नाही, म्हणून इथंही देत नाही. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेतल्या पोरांना शकीलच्या बेकरीतली नानकटाई वाटली जायची. गेल्या वर्षीही वाटली. त्याच दिवशी दुपारी ग्रामसभेत ठराव झाला, की बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांशी गावानं व्यवहार ठेवू नये. कोण बाहेरचं, ते ठरावात लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

शकीलची बायको अख्तरबानू हिचा फोन आला तो तीन आठवड्यांनी.

"मारलं का कुणी? दगड वगैरे?" नाजिमानं विचारलं.

"नाही गं. कोणी काहीच करत नाही. कोणी येतच नाही. सकाळचे पाव संध्याकाळी गुरांना घालतो."

नाजिमा स्वारगेटहून बस धरून लोणीला गेली, तिथून शेअर रिक्षानं गावात. बेकरीच्या पायरीवर शकील बसला होता. भट्टी विझवलेली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या पायरीवर बसताना तिला मागून ऊब लागली नाही.

"विकतोय," तो म्हणाला. "भट्टी काय उचलून नेता येत न्हाई. बाकीचं जाईल."

"कोण घेतंय?"

"बापूराव."

बापूराव समोरच राहायचे. शकीलचा मुलगा तौफिक त्यांच्या ओसरीवर खेळून मोठा झाला. अख्तरबानूच्या बाळंतपणात बापूरावांच्या बायकोनं महिनाभर डबा दिला होता. आता ते दोन गडी आणि टेम्पो घेऊन आले, पीठ मळायचं मशीन नेण्यासाठी. पुतण्या बेकरी टाकणार होता. त्यांनी भावात घासाघीस केली नाही. मशीन उचलताना भिंतीला लागू नये म्हणून स्वतः मध्ये हात घातला.

नाजिमानं आयुष्यभर यादीतल्या माणसांना मनातल्या मनात एकच प्रश्न विचारला होता: शेजाऱ्याचं सामान उचलायला मन कसं झालं? त्यातलं कोणीच हयात नव्हतं. इथं माणूस समोर उभा होता, घाम पुसत.

"बापूराव, एक विचारू? तुम्ही ग्रामसभेत हात वर केलात?"

"केला की. सगळ्यांनी केला."

"आणि आता मशीन घेताय."

बापूरावांनी पंचा खांद्यावर टाकला. "ताई, मी न्हाई घेतलं तर दुसरा कोनतरी घेईलच. त्यो फुकापासरी नेईल. मी निदान नीट ठेवीन."

नाजिमाला ती शिक्षिका आठवली. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. तिला वाटलं होतं, असं वाक्य जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलं तर राग येईल. राग आला नाही. भीती वाटली, कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता.

"तुम्ही जर्मनीचं शिकवता न्हवं?" बापूरावच म्हणाले. "शकीलभाई सांगायचे. तिकडं बी असंच झालं हुतं म्हनं."

"हो. सुरुवात अशीच होती."

"मग वीस वर्षं ईदला येताय तुम्ही. माझ्या घरी शिरखुर्मा घेऊन आलाय, चहा पिलाय. आमाला कधी बोलला न्हाईत त्ये."

मराठीत तिनं त्या विषयावर एक ओळही लिहिली नव्हती. टेम्पो निघून गेला.

महिन्याभरात शकील आणि अख्तरबानू कोंढव्यात तिच्या फ्लॅटवर राहायला आले. पंचावन्नाव्या वर्षी शकील दुसऱ्याच्या बेकरीत पहाटेच्या पाळीला लागला. मालक त्याच्या निम्म्या वयाचा होता आणि त्याला 'चाचा, जरा हात उचला' म्हणायचा.

एका रविवारी नाजिमानं विषय काढला. "भाई, मला हे लिहायचंय."

"न्हाई."

"नावं बदलून."

"तू त्या जर्मन लोकांची नावं लिहिलीस तवा ते मेलेले हुते," शकील म्हणाला. "ही मानसं जिती हायेत. आपलं घर आजून तिथं हाय, विकायचं हाय. तौफिक आयटीत हाय, त्याला भाड्यानं जागा बघायचीय. कोन देईल? मला काय झालं न्हाई. मी धंदा बदलला. बास."

नाजिमानं विषय सोडला. साक्षीदार नको म्हणाला की वही मिटायची, हे तीच विद्यार्थ्यांना शिकवत आली होती.

दोन दिवसांनी शकील कामावर असताना अख्तरबानू तिच्या खोलीत आली. लग्न होऊन आल्यापासून ही बाई चारचौघांत नवऱ्याच्या आधी बोलली नव्हती. दार लोटून ती खुर्चीवर बसली.

"मी सांगते. घे लिहून."

"भाभी, भाई नको म्हणालाय."

"ते त्याचं झालं. बेकरी त्याची होती. गाव माझं पण होतं."

तीन दुपारी ती बोलली. नाजिमाला वाटलं होतं ठरावापासून सुरुवात होईल. अख्तरबानूनं सुरुवात केली हळदीकुंकवापासून. दर संक्रांतीला तिला बोलावणाऱ्या अकरा घरांची नावं तिनं सांगितली आणि कोणत्या घरातून कोणत्या वर्षी बोलावणं थांबलं तेही. नऊ वर्षांपूर्वी पहिलं थांबलं. "तेव्हा वाटलं, सुतक असेल त्यांच्यात." निघायच्या दिवशी त्या अकरातल्या एका घरची सून मागच्या दारानं आली, खाली मान घालून पिशवीभर शेंगा देऊन गेली. "पुढच्या दारानं आली असती तर शेंगा नसत्या आणल्या तरी चाललं असतं," अख्तरबानू म्हणाली आणि तिथं थांबली.

नाजिमानं ते मराठीत लिहिलं. गावाचं आणि माणसांची नावं गाळली. अख्तरबानूनं फक्त स्वतःचं नाव ठेवायला लावलं. साताठशे प्रती निघणाऱ्या एका मासिकानं ते छापलं. आठवड्याभरात त्याची छायाचित्रं फोनवरून फिरू लागली.

शकीलनं अंक वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि बहिणीशी बोलणं बंद केलं. तौफिकची ठरत आलेली जागा फिसकटली. घरमालकानं कारण सांगितलं नाही. कदाचित कारण वेगळंही असेल. नाजिमाला ते कधीच कळलं नाही.

मग प्राचार्य पद्मजा दांडेकरांनी तिला बोलावलं. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या.

"लेख वाचला. उत्तम आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण निनावी पत्रं आलीत. संस्थेचं म्हणणं, तुमचा पेपर पुढच्या वर्षी ठेवू नये. विद्यार्थी कमी म्हणून."

"चौसष्ट आहेत."

"कमी आहेत," पद्मजाबाई खाली बघत म्हणाल्या. "आपण मराठेशाहीचं प्रशासन घ्यावं. मी सही केलीय. मी नसती केली तर..."

"पुढचं वाक्य मला पाठ आहे," नाजिमा म्हणाली आणि उठली. नोकरीची अजून आठ वर्षं उरली होती. घरात तिघं होती आणि राजीनामा द्यायची तिची ऐपत नव्हती. जूनपासून ती मराठेशाहीचं प्रशासन शिकवू लागली. तेही नीट शिकवलं.

दिवाळीनंतर एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बापूराव होते.

"ताई, तुमचा लेख नातीनं वाचून दावला. कालिजात तिच्या मोबाईलवर आला."

नाजिमा शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी राहिली.

"माझं नाव न्हाई त्यात. पर गावाला कळलंच. नात माझ्याशी धड बोलत न्हाई." "तुम्ही लिहिलं त्ये खोटं हाय आसं मी म्हनत न्हाई. पर एवढं लिहायला नको हुतं."

"बापूराव, ठराव अजून आहे का?"

"हाय की. काढायला कोन बोलनार?"

"तुम्ही."

बापूराव खाकरले. म्हणाले, "शकीलभाई हायेत का? मशीनचा पट्टा सारखा निसटतोय. पुतन्याला जमंना. इकडं कुनाला ठावं न्हाई."

शकील नुकताच पाळी संपवून आला होता. केसात मैदा. नाजिमानं फोन पुढं केला. त्यानं नंबर बघितला, ओळखला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिच्या हातून काही घेतलं.

"बोला बापूराव... व्हय... न्हाई, लई घट्ट करायचा न्हाई, तुटंल. डाव्या अंगाला एक नट हाय, त्यो आधी सैल करा. व्हय, तोच. मग मोटर बोटभर मागं सरकवा. पुतन्याला म्हनावं, बटन बंद करून हात घाल, घाई करू नको. माझं बोट गेलं आसतं एकदा."

तो दहा मिनिटं समजावत राहिला. आवाज मऊ होता, सावकाश, पोराला शिकवावं तसा. स्वयंपाकघराच्या दारात अख्तरबानू पदर तोंडाशी धरून उभी होती. पलीकडून मशीन सुरू झाल्याचा घरघर आवाज फोनमधून आला, तसा शकील म्हणाला, "हां. आता बराबर वाजतंय," आणि त्यानं फोन टेबलावर ठेवला.

मग तो न्हाणीघरात गेला. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.