शेवटची कधी घेतली होती?

राखाडी पत्र्याच्या पेटीत राहणारा, पोटात पारा बाळगणारा एक जुना रक्तदाबमापक, म्हणजे तुमच्या भाषेत बीपीचं मशीन, आज तुमच्याशी बोलतो आहे. मित्रांनो, हल्ली धाराशिवच्या एका नर्सिंग कॉलेजात विद्यार्थी माझ्यावर हात बसवतात. खरे रुग्ण आता बॅटरीवाल्या मशीनकडे गेले.

कुठल्याशा कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत पारा भरला गेला आणि मी कळंबच्या एका रुग्णालयात आलो. पुरुषांच्या वॉर्डात माझा मोठा रुबाब होता. डॉक्टर माझ्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत. मला मात्र कुणाविषयी फार जिव्हाळा नव्हता. पट्टा दंडाला बांधायचा, पारा चढवायचा, दाब दाखवायचा, की माझं काम संपलं. तरी एक दंड माझ्या लक्षात राहिला.

तो बिभीषणचा. भुसार बाजारात पोती उचलणारा हा दणकट गडी थप्पीवरून घसरला आणि पाय मोडून वॉर्डात आला. प्लास्टर झाल्यावर वर्षाराणी नावाची नर्सिंगची विद्यार्थिनी मला घेऊन त्याच्याकडे गेली. पट्ट्याखाली त्याचा दंड बारीक थरथरत होता. दुखण्यानं आणि भीतीनं असेल, असं तिला वाटलं.

"दारू पिता का?" तिनं शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"न्हाय हो बाई," त्याची बायको म्हाळसाबाई ताठ मानेनं म्हणाली. "शिवत बी न्हाईत."

वर्षाराणीनं कागदावर 'नाही' लिहिलं. म्हाळसाबाई खोटं बोलली नव्हती, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिभीषण घामानं निथळू लागला. चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागला. "पोती उतरा, गाडी आली!" असं ओरडत प्लास्टरचा पाय खाली टाकू लागला. सगळं अंग लटलट कापत होतं. म्हाळसाबाईनं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या पायाशी डोकं टेकवलं.

"आई आली हो अंगात! तुळजापूरची आई!"

शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नातेवाईक हात जोडून उभे राहिले. एकानं तर पिशवीतला नारळ काढला. वॉर्डाचा गाभारा व्हायला काही वेळ लागला नाही. वर्षाराणी मला छातीशी धरून नुसती बघत राहिली.

तेवढ्यात शांतम्मा सिस्टर आल्या. त्यांनी आधी गर्दी हटवली, मग मला बिभीषणच्या दंडाला बांधायला लावलं. पारा असा चढला की मलाच वरची जागा कमी पडते की काय, असं वाटलं. नाडीही बेफाम पळत होती.

"म्हाळसाबाई, यांनी शेवटची कधी घेतली होती?"

"तुळजापूरला जायच्या आदल्या दिशी, तीन दिस झालं. आधी रोजची लई व्हती. पन पायरीवर हात ठिवून शपथ घेतली, तवापास्नं थेंब न्हाय!"

म्हाळसाबाईला नवऱ्याचा अभिमान वाटत होता, म्हणूनच तिनं ठणकावून 'न्हाय' म्हटलं होतं.

"रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की मेंदू बिथरतो," सिस्टर वर्षाराणीला म्हणाल्या. "झटके येतात. जीवही जातो. डॉक्टरांना बोलाव, पळ."

डॉक्टर आले. त्याला शांत करणारं इंजेक्शन दिलं, बी-वन जीवनसत्त्व शिरेतून दिलं. सिस्टरांनी त्याला खाटेला बांधू दिलं नाही. गलका थांबवला आणि म्हाळसाबाईला उशाशी बसवून नावानं हाक मारायला सांगितलं. वर्षाराणी मला पुन्हा पुन्हा बांधत राहिली. पारा हळूहळू खाली आला.

बिभीषण शुद्धीवर आला, पण त्याच शांत करणाऱ्या औषधाची गोळी पुढे करताच त्यानं ओठ घट्ट मिटले.

"हिनं बी गुंगी येती. मंग ही नशाच की! म्या शपथ मोडणार न्हाय."

"ही थोड्या दिवसांत कमी करत बंद करायची आहे," सिस्टर म्हणाल्या. तो ऐकेना. गोळी नाकारली, तर पुन्हा तेच सुरू होणार होतं.

म्हाळसाबाई उठली. "देवी समजून म्या तुमच्या पाया पडले. अन् तुमी मरायला टेकला व्हता! आईनं दारू सोडाया सांगितलं. जीव सोडाया न्हाय." तिनं गोळी त्याच्या ओठांपाशी धरली.

बिभीषणनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

मित्रांनो, दाब वाढला एवढंच मला सांगता येतं. का वाढला, ते तुम्हालाच विचारावं लागतं. माणूस 'नाही' म्हणाला तरी पुढचा प्रश्न सोडू नका, आणि तो असा विचारा की उत्तर देताना त्याची मान खाली जाऊ नये. ज्यानं एवढ्या हिमतीनं दारू सोडली, त्याला त्या हिमतीपायी मरू देऊ नका.