पहिल्या तोड्याचा भाव

पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी होती, बोटभर लांब आणि करंगळीच्या नखाएवढी रुंद. गेममधल्या सैनिकाला मार बसला की ती एका बाजूने आखडत जाई. निम्म्यावर आली की पिवळी होई आणि अगदी शेवटी लाल. लाल झाल्यावर सैनिकाने भिंतीआड बसून दम खायचा असतो, हे त्या गेममध्ये मुरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दत्तू बोरस्ते मुरलेला होता. पट्टी लाल होऊन लुकलुकत होती आणि तो सैनिकाला मोकळ्या मैदानातून पळवत होता. मागे पलंगावर मटार सोलत बसलेल्या त्याच्या बायकोचे, मीनाचे हात थांबले. सैनिक पडला.

"आयला, मेला? असा कसा मेला?"

"पट्टी लाल झाली होती ना," ती म्हणाली.

"हां... ती होय. लक्ष नव्हतं माझं." त्याने गेम बंद केला आणि गाड्यांच्या शर्यतीचा लावला. "ही सीडीच खराब आहे. आता हे बघ."

शर्यतीत तो पहिला आला. येणारच होता. तिथला रस्ता पडद्याच्या मधोमध असतो.

मीना कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. तो अंघोळीला गेल्यावर तिने शिवणाच्या टेपने खुर्चीपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं, मग पडद्याच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, आणि कोन काढला. जेमतेम सोळा अंश. धडधाकट माणसाला समोर बघताना कडेचं त्याच्या कितीतरी पट दिसतं. तिने टेप गुंडाळून डब्यात ठेवला.

दत्तूच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे हे दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००२ साली कळलं होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की मधलं दिसणं बराच काळ शाबूत राहील, कडेचं आकसत जाईल. बोगद्यातून बघितल्यासारखं होईल. औषध नाही. "गाडी चालवणं थांबवावं लागेल. त्याला उशीर करू नका," असंही म्हणाले होते. त्यानंतर दत्तू त्या दवाखान्याची पायरी चढला नाही. अंबडच्या कारखान्यात तो सुटे भाग तपासायचा. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे. मग डोळ्यांना काय धाड भरली, असं त्याचं म्हणणं. अंधार पडल्यावर मात्र तो गाडी काढत नसे, काहीतरी सबब सांगायचा.

सकाळी मात्र काढायचा. मीनाला साडेसातला कॉलेज गाठावं लागे, म्हणून सात वर्षांच्या मुलीला, तेजस्विनीला, स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत तोच सोडायचा. आणि गेल्या महिन्यात त्र्यंबक नाक्यापाशी स्कूटर आडवी झाली होती. तेजूचा गुडघा सोलवटला. "वाळू होती रस्त्यावर," दत्तू म्हणाला.

त्या दिवसापासून मीनाने सगळं करून पाहिलं होतं. समजूत घातली, रडली, किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. रिक्षावाले काका ठरवते म्हणाली. तो एकदाच चिडून बोलला होता. "निफाडला माझा आजा डोळे गेल्यावर ओट्यावर बसून राहायचा. येणारा-जाणारा विचारायचा, कोण आलं ओळखा बरं आजोबा. मला तसं बसवू नको. सांगेन मी. वेळ आली की मीच सांगेन."

वेळ कशी येणार, हे मीनाला रोज सकाळी कॉलेजच्या बसमध्ये दिसायचं. मागे कुठे ब्रेक करकचला की ती डोळे मिटून घ्यायची.

अशात त्या सैनिकाच्या गेमचा दुसरा भाग आला. पहिला भाग दोघांनी मिळून पुरा केला होता. नकाशा ती वाचायची, लढायचा तो. एमजी रोडवरच्या दुकानात पोस्टर लागलं, आणि दत्तू दोन शनिवार ते बघून आला.

"घ्यायचा का?" तिने विचारलं.

"आत्ता? येडी का काय! पहिल्या तोड्याचा भाव हाय तो." गावाकडे त्याच्या भावाचे टोमॅटो होते. पहिल्या तोड्याला, म्हणजे पहिल्यांदा खुडलेल्या मालाला, पिंपळगावच्या बाजारात जो भाव लागतो तो पुढे राहत नाही, हे दत्तूच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. "वर्षभर थांबायचं. निम्म्यात मिळतो. गेम काय नासतो का?"

घरातला हा नियमच होता. मिक्सर, मोबाइल, गेम, काहीही नवं असताना घ्यायचं नाही. एरवी मीनालाही ते पटायचं. त्या रात्री तिला झोप लागेना तेव्हा मनातल्या आलेख-कागदावर तिने दोन रेषा काढल्या. एक गेमच्या किमतीची, एक त्याच्या नजरेची. दोन्ही उतरत्या. किंमत परवडेल इतकी खाली येईल तेव्हा दुसरी रेष कुठे असेल, हे तिला काढता येत होतं. तिने ते काढलं नाही.

शनिवारी ती दुकानात गेली. दुकानदार अमित तिला ओळखत होता.

"वहिनी, आज तुम्ही? साहेब पोस्टर बघून जातात. म्हटलं एकदा पोस्टरच देऊन टाकावं."

"तो दुसरा भाग द्या."

अमितने डबा काढला, पण हातातून सोडला नाही. "माझंच दुकान आहे म्हणून खोटं नाही बोलणार. पूर्ण किमतीला हा परवडत नाही. चार रविवारांत संपतो. साहेब बरोबर बोलतात, वर्षभरानं या."

"वर्षभरानं हाच असेल?"

"डबा तोच, सीडी तीच. काय फरक पडणार आहे?"

मीनाने पाकीट उघडून नोटा काचेवर ठेवल्या. अमितने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुपचूप पिशवी काढली. "किमतीचं लेबल काढू का? भेट द्यायची असेल तर..."

"राहू द्या."

रविवारी जेवणं झाल्यावर तिने तो डबा कीबोर्डवर ठेवला. दत्तूचा चेहरा आधी लहान मुलासारखा उजळला, मग त्याने डबा डोळ्यांसमोर धरून लेबल वाचलं.

"पूर्ण किंमत दिलीस?"

"हो."

"घासाघीस तरी करायचीस. वर्षभरानं..." तो थांबला. मीना त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो डब्याकडे.

"असं होय," तो हळू म्हणाला. "तू वर्ष मोजलंस."

"मी काही मोजलं नाही हो."

"तू न मोजता राहशील?" तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "ठीक आहे. लावू या. पैसे दिलेत तर खेळू तरी."

तेजू चुरमुऱ्यांची वाटी घेऊन खुर्चीला खेटून उभी राहिली. गेम सुरेख होता. पाऊस पडलेलं जंगल, ओल्या पानांवरचा उजेड. दत्तू पुटपुटला, "काय काम केलंय यार." मीनाला क्षणभर वाटलं, हेच पुरेसं आहे, यासाठी कितीही दिले असते.

मग डाव्या बाजूने शत्रू आले. पडद्याच्या कडेला ते स्पष्ट दिसत होते, एक, मग दुसरा. दत्तू सरळ पुढे बघत होता. सैनिक पडला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच पडला. तिसऱ्यांदा त्याने मान वळवून वळवून पडदा धुंडाळला. तोवर उजवीकडून कोणीतरी आलं होतं. त्याच्या कानशिलावर घाम आला. मीनाला वाटलं जाऊन वीज बंद करावी. कशाला आणला आपण हा डबा? काय दाखवायचं होतं, आणि कोणाला?

"पप्पा," तेजू म्हणाली, "इथं पण मी सांगू का? गाडीवर सांगते तसं?"

दत्तूची बोटं कीबोर्डवर थिजली.

"गाडीवर काय सांगतेस, तेजू?" मीनाने विचारलं.

"आमचा गेम आहे!" तेजूने वाटी खाली ठेवली. "मी पुढे उभी राहते ना, मग डावीकडून रिक्षा आली की मी ओरडायचं, डावीकडे रिक्षा! रिक्षेला पाच गुण. बसला दहा. गाय मध्ये आली तर वीस! शंभर झाले की चॉकलेट. पप्पा म्हणाले, हा आपल्या दोघांचाच गेम आहे."

मीना पलंगाच्या कडेवर बसली. रोज सकाळी ती बसमध्ये डोळे मिटून घेत होती, त्या वेळी त्या गर्दीत स्कूटर कोण चालवत होतं ते तिला आता कळलं.

"अहो," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

दत्तूने मान वर केली नाही. "ती तल्लख आहे," तो म्हणाला. "तिचं चुकत नाही कधी."

"चुकलं की एकदा," तेजू म्हणाली. तिने फ्रॉक वर करून गुडघ्यावरचा व्रण बघितला. "त्या दिवशी मी दुकानातले फुगे बघत होते ना, म्हणून हातगाडी सांगायची राहिली. पप्पा पडले. माझ्यामुळंच पडले. पण मम्मी, मी आता फुगे बघतच नाही. कुठंच बघत नाही. खरंच."

पडद्यावर पाऊस पडत होता. पडलेल्या सैनिकावर अक्षरं लुकलुकत होती, पुन्हा सुरू करायचं का म्हणून विचारत होती. दत्तूने खुर्ची मागे सारली. तेजू अगदी त्याच्या बाजूला उभी होती, तरी तिला शोधायला त्याला मान पूर्ण वळवावी लागली. आणि त्याने ती मीनाच्या देखत, काही न लपवता वळवली. त्याने तिचा गुडघा तळहाताने झाकला. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. मीनाने मदत केली नाही. हे वाक्य त्याचं होतं, तिने ते दोन वर्षं त्याच्याकडेच राहू दिलं होतं.

"तेजू, तुझं काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "पप्पाला कडेचं दिसत नाही." मग मान वळवून त्याने मीनाला शोधलं. "किल्ली घे. उद्यापासून मी गाडी चालवणार नाही."